वास उडाला की पहारा उठतो: गोचीड, डास आणि घरगुती उपायांची खरी ताकद

उंच गवतातून दोन-अडीच तास फिरून मी घरी आलो होतो. निघताना घोट्यांना आणि पोटऱ्यांना खोबरेल तेलात सिट्रोनेला या सुगंधी गवताचं तेल मिसळून चांगलं चोळलं होतं, म्हणून निर्धास्त होतो. आंघोळ करताना गुडघ्यामागच्या वळीत बोटाला काहीतरी बारीक, टणक लागलं. आरशात पाहिलं तर तीळ. पण त्या जागी मला तीळ कधीच नव्हता. भिंग घेऊन पाहिलं तेव्हा त्या तिळाला पाय दिसले. बारीक, तपकिरी, चकाकणारे आठ पाय, आणि तोंडाकडचा भाग कातडीत रुतलेला. दुखत नव्हतं, खाजतही नव्हतं. हात तिथे गेला नसता तर तो आणखी चार-पाच दिवस तिथेच फुगत बसला असता.

तेल लावूनही गोचीड चढला कसा, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला. तेल खोटं होतं का? नव्हतं. सिट्रोनेलाला कीटक खरोखरच टाळतात. मग चूक कुठे झाली? ते कळायला आधी गोचीड आपल्यापर्यंत येतो कसा आणि वास त्याला अडवतो कसा, हे दोन्ही समजून घ्यावं लागतं. एकदा ते कळलं की कुठलाही घरगुती उपाय कितपत चालेल याचा अंदाज आपला आपल्याला बांधता येतो.

गवताच्या शेंड्यावरचा दबा

गोचीड हा कीटक नाही, तो कोळ्याच्या भाऊबंदांपैकी. त्याला पंख नाहीत, उडी मारता येत नाही, आणि झाडावरून तो आपल्या डोक्यावर टपकतही नाही. तो खालून येतो. गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या फांदीवर चढतो, मागच्या पायांनी घट्ट धरतो आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून थांबून राहतो. तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस. जवळून एखादं जनावर किंवा माणूस घासून गेला की त्या पसरलेल्या पायांचे आकडे केसांत, कापडात अडकतात. तेवढंच त्याला पुरतं.

हे दोन पाय म्हणजे त्याचं नाकच. प्रत्येक पायाच्या टोकाजवळ एक सूक्ष्म खड्डा असतो, त्याला हॅलरचं इंद्रिय म्हणतात. 1881 साली त्याचं वर्णन करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावावरून ते नाव पडलं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामाचा वास, हवेतली ओल, सगळं या खड्ड्यात टिपलं जातं. म्हणजे गोचिडाला अडवायचं तर या पायांची दिशाभूल करायला हवी, आणि ती तो चढतो तिथेच करायला हवी: बूट, मोजे, घोटे, पोटऱ्या. डासासाठी हातामानेला लावतो तसं लावून इथे भागत नाही.

अंगावर आला की गोचीड लगेच चावत नाही. तो वर वर चढत जातो, पातळ आणि दमट कातडी शोधतो. गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत, कानामागे, केसांच्या रेषेत. जागा सापडली की तोंडाचा करवतीसारखा भाग आत घालतो. त्याच्या लाळेत जागा बधिर करणारी द्रव्यं असतात, आणि कडक पाठीचे बरेचसे गोचीड तोंडाभोवती सिमेंटसारखा घट्ट होणारा स्रावही सोडतात. ‘गोचिडासारखा चिकटला’ असं आपण उगाच म्हणत नाही.

त्याचं आयुष्य चार टप्प्यांचं: अंडं, सहा पायांचा लार्वा, आठ पायांचा निम्फ आणि प्रौढ. अंड्यातून बाहेर पडल्यावर पुढच्या प्रत्येक टप्प्याला त्याला रक्त लागतं. माणसाला सर्वांत जास्त त्रास निम्फचा, कारण तो खसखशीच्या दाण्याएवढा असतो आणि दिसतच नाही. त्याच्या चाव्यातून पुढे काय होऊ शकतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगावं लागत नाही. 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने आजारी पडली, आणि शोध घेता घेता गोचिडातून पसरणारा एक विषाणू सापडला. तोच माकडताप. लाइम हा दुसरा मोठा आजार. त्याचा जिवाणू विली बर्गडॉर्फर यांनी शोधला, म्हणून त्याच्या नावात त्यांचं नाव आहे.

आता गोचिडाचं मर्म. तो कोरडेपणाला भितो. शेंड्यावर दबा धरून बसला असताना त्याच्या अंगातलं पाणी सतत कमी होत असतं. ते भरून काढायला तो अधूनमधून खाली उतरतो, कुजक्या पाल्याच्या ओलसर थरात शिरतो आणि हवेतली ओल शोषून घेतो. हा थर नसेल तर तो फार काळ तग धरत नाही. पुढे अंगणाबद्दल सांगेन तेव्हा सगळं या एका गोष्टीवर येऊन ठेपणार आहे.

वास येतो म्हणजे तेल उडतंय

सिट्रोनेला, गवती चहा, निलगिरी, लवंग, पुदिना यांची तेलं आपल्याला वास देतात, कारण त्यांचे रेणू सतत कातडीवरून सुटून हवेत जात असतात. तेच रेणू गोचिडाच्या पायातल्या खड्ड्यात किंवा डासाच्या मिशांवर पोचतात आणि त्याला माघारी वळवतात. कीटक मरत नाही, तो फक्त टाळतो. म्हणजे उपाय चालण्यासाठी तेल उडायलाच हवं. आणि जे उडतं ते संपतं. घरगुती तेलांची सगळी ताकद आणि सगळी उणीव या एकाच गोष्टीत आहे.

हे घरीच पाहता येतं. कोऱ्या कागदावर सिट्रोनेलाचा एक थेंब टाका आणि दर पंधरा मिनिटांनी वास घ्या. सुरुवातीला नाकात भरणारा वास हळूहळू मंदावतो, आणि तासाभरानंतर कागद नाकाशी धरावा लागतो. हा झाला थंड कागद. आपली कातडी उबदार असते, घामेजते, कापडाला घासते. तिथे तेल याहून लवकर उडतं.

2002 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. स्वयंसेवकांनी वेगवेगळी औषधं हाताला लावून डासांच्या पिंजऱ्यात हात घातले आणि पहिला चावा केव्हा बसतो ते मोजलं. डीट हे प्रयोगशाळेत बनवलेलं द्रव्य जवळपास 24 टक्के असलेलं औषध सरासरी 300 मिनिटं टिकलं. 2 टक्के सोयाबीन तेल असलेलं एक औषध सुमारे 95 मिनिटं. सिट्रोनेलाची बहुतेक औषधं 20 मिनिटांच्या आत ढेपाळली. आणि मनगटात बांधायच्या पट्ट्या? त्या मिनिटभरही टिकल्या नाहीत. हे आकडे डासांचे आहेत, गोचिडांचे नव्हेत, पण माझ्या गुडघ्यामागच्या तिळाचं उत्तर त्यातच होतं. मी एकदाच तेल लावलं आणि अडीच तास चाललो. पहिल्या अर्ध्या तासानंतर माझ्या पायांवर उरलं होतं ते खोबरेल तेल.

मग सिट्रोनेला टाकून द्यायचं का? अजिबात नाही. संध्याकाळी अर्धा तास बाहेर बसायचं असेल तर ते चालतं. फक्त दर वीस-तीस मिनिटांनी पुन्हा लावायची तयारी हवी. खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळलं तर थोडं हळू उडतं. व्हॅनिला अर्काचा जो गंध असतो ते व्हॅनिलिन मिसळलं तरी टिकाव थोडा वाढतो, कारण ते जड असतं आणि हलक्या रेणूंना धरून ठेवतं. पण थोडाच. त्याने अर्ध्या तासाचा दिवस होत नाही.

कोणतं तेल किती पाण्यात

वनस्पतींच्या उपायांत एक खरोखर वेगळं आहे, आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त घोळ होतो. लिंबाच्या वासाची निलगिरी म्हणून एक झाड आहे. त्याच्या पानांपासून तयार केलेल्या प्रक्रिया केलेल्या अर्कात पीएमडी नावाचं द्रव्य भरपूर असतं. हे द्रव्य सिट्रोनेलापेक्षा जड, म्हणून सावकाश उडतं आणि काही तास टिकतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2005 पासून त्याची शिफारस केली आहे, आणि डासांबरोबर गोचिडांवरही ते चालतं. पण त्याच झाडाचं साधं, ऊर्ध्वपातन करून काढलेलं सुगंधी तेल वेगळं. त्यात मुख्यतः सिट्रोनेलाल असतं, पीएमडी नगण्य, त्यामुळे ते सिट्रोनेलासारखंच लवकर उडून जातं. आणि सर्दीला छातीवर चोळतो ती निलगिरी तिसरीच, वेगळ्या झाडाची, वेगळ्या द्रव्याची. तीन बाटल्यांवर ‘निलगिरी’ लिहिलेलं असेल, पण काम तिघींचं तीन तऱ्हांचं. घेताना मागचा घटकांचा मजकूर वाचा. ‘पीएमडी’ किंवा ‘पॅरा-मेन्थेन-3,8-डायॉल’ लिहिलं असेल तरच ते टिकणारं. तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र ते लावायचं नाही, कारण एवढ्या लहान मुलांवर त्याची पुरेशी तपासणी झालेली नाही.

निंबोळीच्या तेलाबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, म्हणून जपून लिहितो. त्यातलं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडींच्या कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करतं, त्यांची भूक मारतं, अंडी घालणं कमी करतं. हे काम पक्कं आहे, पण सावकाशीचं आहे. झाडावरच्या मावा-तुडतुड्यांवर दर आठवड्याला फवारलं तर फरक दिसतो. कातडीला लावून डास पळवण्याच्या चाचण्यांत निकाल कुठे चांगले आले, कुठे बेताचे. गोचिडांच्या गवतात शिरताना निव्वळ निंबोळीच्या भरवशावर मी जाणार नाही. आणि हे तेल बाळाला पाजायचं तर मुळीच नाही. त्याने तान्ह्या मुलांच्या यकृतावर आणि मेंदूवर गंभीर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत.

खोबरेल तेलाची गोष्ट गमतीची आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी 2018 साली खोबरेल तेलातून काढलेल्या मेदाम्लांची चाचणी प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेत त्या आम्लांनी चावणाऱ्या माश्यांना आणि ढेकणांना दोन आठवडे, तर गोचिडांना आठवडाभर दूर ठेवलं. बातमी फिरली ती ‘खोबरेल लावा, गोचीड पळवा’ अशी. पण तेलातली ही आम्लं एकमेकांना बांधलेली असतात. ती सुटी केल्यावरच काम करतात. नुसतं खोबरेल चोळून तो परिणाम मिळत नाही, हे त्या संशोधकांनीच सांगितलं होतं. तुमच्या मिश्रणात खोबरेल असू द्या, ते दुसऱ्या तेलाला धरून ठेवतं, कातडीची जळजळ कमी करतं. पहारा त्याच्यावर टाकू नका.

लवंगेचं तेल तीव्र आहे आणि त्यातल्या युजेनॉलमुळे डास खरोखर दूर राहतात, पण तेच कातडीला भाजतं. कापूर बंद जागेत थोडा वेळ चालतो, मोकळ्यावर वाऱ्याबरोबर जातो. व्हिनेगर वाळलं की त्यातलं आम्ल उडून गेलेलं असतं, मग मागे राहतं ते नुसतं कापड. लसूण खाल्ल्याने डास कमी चावतात का, हे नियंत्रित चाचणीत तपासून झालंय. फरक पडला नाही. ब-जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचंही तेच. तुळस, पुदिना, झेंडू, गवती चहा कुंडीत लावले म्हणून डास अंगणात यायचे थांबत नाहीत. पान चुरगळल्याशिवाय त्यातलं तेल बाहेर पडत नाही, आणि चुरगळलं तरी पुन्हा तो अर्धा तास. ही झाडं लावू नका असं नाही. त्यांच्या भरवशावर बाळाचा पाळणा अंगणात ठेवू नका, एवढंच. अल्ट्रासाउंडचा बारीक आवाज करणारी यंत्रं मात्र निखालस फसवी आहेत, त्यांवर पैसे घालवू नका.

‘नैसर्गिक’ आणि ‘रासायनिक’ यांच्यातली रेघ आपण समजतो तेवढी ठळक नाही, हेही इथेच सांगतो. ग्रेपफ्रूटच्या सालीत नूटकाटोन नावाचं गंधद्रव्य असतं. गोचिडांवर ते इतकं चालतं की 2020 साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने त्याला कीटकरोधक म्हणून नोंदणी दिली. शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलात पायरेथ्रिन असतं, ते कीटकांना काही क्षणांत लुळं करतं, आणि त्याचीच नक्कल करून पर्मेथ्रिन बनवलं गेलं, जे कपड्यांवर फवारतात. फूल नैसर्गिक आहे म्हणून त्याचं विष सौम्य नाही. प्रयोगशाळेत बनलं म्हणून डीट कातडी जाळत सुटत नाही. जिथे माकडताप किंवा लाइम असल्याचं ठाऊक आहे तिथे मी घरच्या तेलावर विसंबणार नाही, तपासलेलं औषध लेबलवर लिहिल्याप्रमाणे लावीन. घरातल्या मंडळींनाही तेच सांगीन.

मुलं, मांजर आणि ऊन

कोणतंही सुगंधी तेल बाटलीतून थेट कातडीवर लावायचं नाही. 30 मिलीलिटर साध्या तेलात साधारण 12 थेंब, म्हणजे 2 टक्के, हे मोठ्या माणसासाठी पुरेसं आहे. लवंगेचं त्याहूनही कितीतरी कमी. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून दिवसभर थांबा. लाल झालं, खाजलं तर ते तेल तुमच्यासाठी नाही.

सुगंधी तेल पाण्यात मिसळून स्प्रे करण्याची सवय बऱ्याच घरांत दिसते. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. मग पहिल्या चार फवाऱ्यांत नुसतं पाणी येतं आणि शेवटच्या फवाऱ्यात डोळ्यांत जाळ करणारं निव्वळ तेल.

लहान मुलांच्या बाबतीत मी कडक आहे. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात. निलगिरीच्या तेलाचा छोटा चमचाही लहान मुलाला दवाखान्यात नेतो. या बाटल्या औषधांच्याच कपाटात, कुलपात ठेवा. लिंबाचा रस किंवा सालीचं तेल लावून उन्हात जाऊ नका. उन्हाबरोबर त्यातली काही द्रव्यं कातडीवर फोड आणतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

घरात मांजर असेल तर आणखी जपायला हवं. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं नीट मोडून बाहेर टाकता येत नाहीत. टी ट्री तेलाने कुत्री आणि मांजरं दोन्ही आजारी पडतात, पाय थरथरतात, तोल जातो. कुत्र्याच्या गोचिडांचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला लागलं तर ते मरू शकतं. जनावरांच्या गोचिडांसाठी पशुवैद्याने दिलेलं औषध वापरा. घरी करायचं काम म्हणजे रोज बोटांनी अंग चाचपणं: कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी.

अंगण कोरडं करा

आता त्या मर्माकडे येऊ. गोचिडाला ओल लागते, आणि ओल देतो तो गवताचा दाट थर, कुजलेला पाला, लाकडांचा ढीग आणि कुंपणाची गर्द सावली. म्हणून गोचिडांवरचा सर्वांत जोरदार घरगुती उपाय म्हणजे विळा आणि खराटा. गवत घोट्याखाली ठेवा. पाला गोळा करून लांब टाका. लाकडं उन्हात, जमिनीपासून उचलून रचा, म्हणजे उंदीरही तिथे बिळं करणार नाहीत. लहान टप्प्यातले बरेच गोचीड उंदरांवरच पोसले जातात. जिथे अंगण रानाला किंवा मोकळ्या गवताला लागून आहे तिथे मीटरभर रुंदीचा खडीचा किंवा लाकडाच्या कपच्यांचा कोरडा पट्टा टाका. तो पट्टा ओलांडताना गोचीड सुकतो, बरेचसे ओलांडतच नाहीत. मुलांचा झोका, बसायची खुर्ची या पट्ट्यापासून आत, उन्हाच्या बाजूला.

अंगणात गोचीड आहेत की नाहीत हे कळायला संशोधक एक साधी युक्ती करतात, ती कुणालाही करता येते. मीटरभर लांबरुंद पांढरं, जरा खरखरीत कापड घ्या, एक कड काठीला बांधा, दोरी लावा आणि दव वाळल्यावर गवतावरून हळूहळू ओढत न्या. दहा-पंधरा पावलांनी थांबून कापड उलटं करून पाहा. पांढऱ्यावर हलणारे तपकिरी ठिपके दिसतील. ते चिकटपट्टीने उचलायचे. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा स्वच्छ दिसणाऱ्या कडेच्या गवतातून सात निघाले, आणि मधल्या उन्हातल्या मोकळ्या जागेतून एकही नाही. त्या दिवशी फवारणीचा विचार सोडून कुंपणालगतचा पाला उपसला.

डायटोमाइट नावाची पांढरी भुकटी काही जण अंगणात पसरतात. सूक्ष्म शैवालांच्या सिलिकाच्या सांगाड्यांची ती भुकटी असते. किड्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण ती शोषते आणि तो सुकून मरतो. कोरड्या फटीत, मुंग्यांच्या वाटेवर ती छान चालते. पाऊस पडला, दव पडलं की निष्फळ. फुलांवर पडली तर मधमाश्याही मरतात, आणि पसरताना नाकातोंडाला फडकं बांधायलाच हवं.

डासांसाठी कोरडेपणाचं सूत्र वेगळ्या वाटेने लागू पडतं. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, पक्ष्यांची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करायची आणि आतून घासायचीही. डेंगीचा डास पाण्याच्या पातळीच्या वर भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो, ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. नुसतं ओतून दिलं तर अंडी भिंतीवरच असतात. जे पाणी काढता येत नाही त्यासाठी बीटीआय हा जिवाणू आहे. 1976 साली नेगेवच्या वाळवंटातल्या एका डबक्यात तो सापडला, डासांच्या अळ्या मारतो आणि मासे, जनावरं, माणसं यांना इजा करत नाही. नैसर्गिक उपाय म्हणून याच्याइतका चोख दुसरा मला माहीत नाही. आणि बाहेर बसायला पंखा लावा. डास दुबळा उडणारा आहे, साध्या पंख्याच्या वाऱ्यात त्याला जागेवर राहता येत नाही, शिवाय तो वारा आपला श्वास आणि घामाचा वासही पांगवतो. डासांच्या मेणबत्तीपेक्षा पंखा कैक पटींनी बरा.

मुंग्यांची रांग साबणाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, त्यांच्या गंधाची वाट मोडते. जळू चिकटली तर मीठ किंवा तंबाखू टाकू नका, ती गळून पडताना पोटातलं जखमेत ओकते. नख तिच्या बारीक टोकाखाली, कातडीला समांतर सरकवा, मग दुसरं टोक सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतं, दाबून धरलं की थांबतं.

पायापासून वर

गवतात जायचं तर फिक्या रंगाचे लांब कपडे घाला, पँटचे पाय मोज्यांत खोचा. कसं दिसतं याची फिकीर करू नका. फिक्या कापडावर चढणारा गोचीड दिसतो, आणि खोचलेल्या मोज्यामुळे त्याला कातडीऐवजी कापडावरूनच वर चालावं लागतं. तेल लावलं असेल तर ते मोज्यांच्या कडेला आणि बुटांवरही लावा, आणि गजर लावून पुन्हा पुन्हा लावा.

घरी आल्यावर कपडे थेट धुवायला टाकले तर गोचीड बहुधा जगतो. थंड पाण्याचं धुणं त्याला मारत नाही. त्याचं मरण कोरड्या उष्णतेत आहे. ड्रायर असेल तर न धुतलेले, कोरडे कपडेच आधी दहा मिनिटं कडक उष्णतेवर फिरवा, मग धुवा. ओले टाकले तर जास्त वेळ लागतो. ड्रायर नसेल तर 54 अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या पाण्यात धुवा.

दोन तासांच्या आत आंघोळ करा. न चिकटलेले गोचीड पाण्याबरोबर जातात, आणि अंग पाहायला निमित्त मिळतं. मग बोटं फिरवत खालून वर जा. निम्फ डोळ्यांना दिसत नाही पण बोटाला लागतो. पाठीला, टाळूला दुसऱ्याची मदत घ्या. लाइमच्या जिवाणूला आत शिरायला बहुधा दिवसभराहून जास्त काळ लागतो, म्हणून त्याच संध्याकाळी काढलेला गोचीड फारसं बिघडवत नाही. काही विषाणू मात्र याहून कितीतरी लवकर शिरतात, त्यामुळे ‘उद्या पाहू’ म्हणू नका.

चिकटलाच तर

इथे घरगुती उपायांनी सगळ्यात जास्त नुकसान केलंय. चिकटलेल्या गोचिडावर व्हॅसलीन, तेल, नेलपॉलिश, रॉकेल लावतात, किंवा पेटती काडी धरतात. तो गुदमरून सुटेल ही आशा. गोचीड तासाला अगदी मोजके श्वास घेतो, त्याला गुदमरायची घाई नसते. उलट त्रास झाला की तो लाळ आणि पोटातलं आपल्याच रक्तात सोडू शकतो, म्हणजे ज्याची भीती तेच आपण घडवतो.

बारीक टोकाचा चिमटा घ्या. गोचिडाचं फुगलेलं पोट पकडायचं नाही. कातडीला अगदी टेकून, त्याच्या तोंडाजवळ धरा आणि सरळ वर, एकसारख्या जोराने ओढा. पिळू नका, हिसका देऊ नका. कातडी तंबूसारखी वर येते, दोन-तीन सेकंद ताण तसाच ठेवावा लागतो आणि मग तो सुटतो. मी स्वतःचा काढला तेव्हा तो क्षण फार लांब वाटला होता. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर सुईने उकरू नका, कातडी तो आपोआप बाहेर ढकलते. जागा साबणाने धुवा, हातही धुवा. गोचीड बोटांत चिरडू नका.

तो पारदर्शक चिकटपट्टीत दाबून कागदावर चिकटवा आणि शेजारी तारीख, जागा आणि कुठल्या गवतातून आलात ते लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात ताप, अंगदुखी, सांधेदुखी, चाव्याभोवती पसरत जाणारं लाल वर्तुळ किंवा सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसली, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. काळी खपली बहुधा गोचिडाची नसते, स्क्रब टायफस हा ताप पसरवणाऱ्या चिगर माइट या त्याच्या आणखी बारीक नातलगाची असते. ती न दुखणाऱ्या जागी, बऱ्याचदा अंतर्वस्त्राच्या कडेखाली लपलेली असते, म्हणून डॉक्टरांना ती तुम्हीच दाखवा. ‘ताप आहे’ एवढंच सांगितलं तर गवताचा विचार कुणाच्या मनात येत नाही. ‘अमुक तारखेला गोचीड चावला होता’ हे वाक्य सुरुवातीलाच सांगा.